वर्णी कोणाची लागणार?

पावसाळ्यात वारुळावर अळमी उगवतात तशी आमच्या गोव्यातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी उगवते. रात्री झोपताना काही नसते आणि सकाळी पहिल्या पानावर छत्री उघडून ती उभी असते : मंत्रिमंडळात लवकरच फेरबदल! खाली दोन नावे जाणाऱ्यांची, चार नावे येणाऱ्यांची आणि ‘विश्वसनीय सूत्रांनी सांगितले’ हे पालुपद. ही सूत्रे कोण, कुठे राहतात, त्यांना जेवायला वेळ कधी मिळतो, हे कोडे मला कित्येक वर्षे सुटलेले नाही. दुपारपर्यंत बातमी म्हापसा, फोंडा, कुडचडे करीत काणकोणापर्यंत पोचते आणि संध्याकाळी देवळाच्या पायरीवर, न्हाव्याच्या खुर्चीत, भजीच्या गाड्यावर एकच चर्चा. वर्णी कोणाची लागणार?

या चर्चेची भाषा एकदा कान देऊन ऐका. ‘वर्णी’ हा शब्द मूळचा धर्मकृत्यातला. यजमानाने आपल्या वतीने अनुष्ठान करायला ब्राह्मण नेमायचा, ती वर्णी. म्हणजे नेमणूक करताना काम आधी ठरलेले असे. अभिषेक की पाठ, दिवस किती, दक्षिणा काय. आता वर्णी आधी लागते आणि अनुष्ठान कसले ते मागाहून कळते. इच्छुक आमदार गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेले असतात, ज्याचे जाते त्याचा ‘पत्ता कट’ होतो. लग्न आणि पत्ते या दोन उद्योगांतून आमचे राजकीय मराठी घडले आहे. सगळ्यात शेवटी येते ते ‘खातेवाटप’. वाटप प्रसादाचे होते, नाहीतर भावाभावांत जमिनीचे. (‘खाते’ हे नाम आहे, क्रियापद नव्हे, असे मी वर्गात व्याकरण शिकवताना सांगत असे. मुले हसायची. मी त्यांना हसू द्यायचो.)

शब्दांची ही गंमत सोडली तर माझी तक्रार गंभीर आहे. आपण मंत्री कोण होणार याची चर्चा करतो, मंत्री कशाचा होणार याची करीत नाही. आणि ज्यांना नाटक, संगीत, ग्रंथालये, भाषा यांची काळजी आहे अशी तुमच्या-माझ्यासारखी माणसेदेखील या खेळात इतरांसारखीच रमतात.

२०२५ चा पावसाळा आठवून पाहा. १८ जूनला गोविंद गावडे यांना मंत्रिमंडळातून वगळले. त्याआधी मे महिन्यात त्यांनी जाहीर भाषणात आदिवासी कल्याण खात्याच्या कारभारावर टीका केली होती आणि ते खाते खुद्द मुख्यमंत्र्यांकडे होते. म्हणजे निकाल अपेक्षितच होता. गावडे गेले आणि त्यांच्याकडची खाती मुख्यमंत्र्यांकडे आली. त्यांत कला आणि संस्कृती खातेही होते. मग सुरू झाला आमचा आवडता खेळ. आधी म्हणाले, पावसाळी अधिवेशनाआधी नवा मंत्री येणार. नाही आला. मग अधिवेशनानंतर. मग चवथीआधी, कारण चवथीला नव्या मंत्र्याने मतदारांकडे गणपतीच्या दर्शनाला लाल दिव्याशिवाय जायचे कसे? (लाल दिवे कधीच बंद झाले, पण म्हणण्याची पद्धत राहिली.) २० ऑगस्टला आलेक्स सिक्वेरा यांनी राजीनामा दिला आणि २१ ऑगस्टला दोनापावलाच्या राजभवनात दिगंबर कामत व रमेश तवडकर यांचा शपथविधी झाला. चवथ सहा दिवसांवर होती. बाजारात माटोळीचे सामान यायला लागले होते.

१८ जून ते २१ ऑगस्ट. मोजा, चौसष्ट दिवस होतात. कला खाते चौसष्ट दिवस वाट पाहत राहिले आणि कलाही चौसष्टच. हा योगायोग कोणाच्या लक्षात आला नाही, कारण त्या चौसष्ट दिवसांत कला खात्याविषयी कोणी बोलतच नव्हते. चर्चा होती ती अशी : गावडे आदिवासी समाजाचे, म्हणून त्यांच्या जागी आदिवासी आमदारच हवा. तवडकर सभापती आहेत, ते ती खुर्ची सोडतील का? कामत सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसमधून आले तेव्हापासून त्यांचे नाव प्रत्येक यादीत आहे, यावेळी तरी खरे होईल का? उत्तरेला किती, दक्षिणेला किती? मूळचे किती, आलेले किती?

त्या दिवसांतला एक संवाद मला शब्दशः आठवतो. केस कापता कापता आमच्या गावच्या न्हाव्याने विचारले, ‘‘मास्तर, तुमकां कितें दिसता? कोण जातलो?’’ मी म्हटले, ‘‘खातें खंयचें तें सांग, मागीर सांगतां.’’ तो हसला. ‘‘खातें? तें मागीर पळोवया. पयलीं मनीस जांव दी.’’ त्याने एका वाक्यात आमचे अख्खे राज्यशास्त्र सांगितले. आधी माणूस होऊ दे, काम मग बघू.

तो चुकीचे सांगत नव्हता, हे २०२३ मध्येच दिसले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये नीलेश काब्राल यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी सिक्वेरा आले. काँग्रेसमधून आलेल्या आठ जणांना दिलेला शब्द पाळायचा आहे, असे तेव्हा उघड बोलले जात होते. काब्राल यांच्याकडे सार्वजनिक बांधकाम खाते होते. जागा भरली, पण ते खाते सिक्वेरांना मिळाले नाही. ते मुख्यमंत्र्यांकडे राहिले. रस्ते, पूल, नळाचे पाणी सांभाळणारे खाते एका राजीनाम्याने हलले आणि राजीनाम्याचे कारण रस्त्यांशी वा पाण्याशी संबंधित असल्याचे कोणी म्हटले नव्हते. मंत्रिपद आणि खाते या दोन वस्तू वेगळ्या आहेत, त्या वेगवेगळ्या हिशेबाने वाटल्या जातात.

हा हिशेब कुठून आला? मला वाटते, तो कोणा एका पक्षाच्या स्वभावातून आलेला नाही, आकड्यांतून आला आहे. आकडे जरा सविस्तर मांडतो, कारण अटकळींचे मूळ तिथे आहे.

२००३ साली संसदेने घटनेत ९१ वी दुरुस्ती केली. राज्यांतली मंत्रिमंडळे फुगत चालली होती, म्हणून मुख्यमंत्र्यासह मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांहून अधिक नसावी असे ठरले. महाराष्ट्रात २८८ आमदार, म्हणजे ४३ मंत्री. गोव्यात ४० आमदार, त्यांचे १५ टक्के म्हणजे सहा. पण छोट्या राज्यांसाठी त्याच दुरुस्तीत सवलत आहे : मंत्र्यांची संख्या बारापेक्षा कमी असू नये. त्यामुळे गोव्यात मुख्यमंत्र्यासह बारा जण मंत्री होऊ शकतात. चाळिसात बारा. महाराष्ट्रात शंभर आमदारांमागे पंधरा मंत्री, गोव्यात तीस. सत्ताधारी बाजूचाच विचार केला तर शक्यता आणखी वाढते. सप्टेंबर २०२२ मधल्या पक्षांतरानंतर भाजपचे २८, मगोचे दोन आणि तीन अपक्ष असे तेहतीस आमदार सरकारबरोबर होते. तेहतिसांत बारा, म्हणजे तिघांत एकाहून जास्त. विरोधात सात जण उरले. ते सात सोडले तर बाकी सगळे एकतर मंत्री होते, किंवा आपण का नाही असा प्रश्न मनात बाळगून होते. लॉटरीचे प्रत्येक तिसरे तिकीट लागणार असेल तर तिकिटे घेऊन रांगेत कोण उभे राहणार नाही?

सुरुवातीला असे नव्हते. २० डिसेंबर १९६३ ला भाऊसाहेब बांदोडकर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले तेव्हा विधानसभेत निवडून आलेले तीस जण होते आणि मंत्रिमंडळ तिघांचे. भाऊसाहेब, विठ्ठल करमली आणि टोनी फर्नांडिस. तिसांत तीन. तेव्हाही रुसवेफुगवे झालेच असतील. माणसे तीच असतात. पण बाकीच्या सत्तावीस जणांना आपण आमदार आहोत म्हणजे आमदारकीच करायची आहे, हे पहिल्या दिवशी कळत होते.

दुसरा आकडा पक्षांतराचा. त्याच ९१ व्या दुरुस्तीने पक्षातल्या एक तृतीयांश फुटीला असलेले संरक्षण काढून टाकले आणि दोन तृतीयांश आमदारांनी केलेले विलीनीकरण तेवढे शिल्लक ठेवले. आपल्या नेत्यांनी हा पाठ चांगला गिरवला. मार्च २०१९ मध्ये मगोच्या तीन आमदारांपैकी दोघे भाजपमध्ये गेले. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरांपैकी दहा गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये अकरांपैकी आठ. तिन्ही वेळा गणित पक्के. आमच्या विद्यार्थ्यांना अपूर्णांक जमत नाहीत अशी ओरड करणाऱ्यांनी विधानसभेकडे पाहावे. आणि दहा जण एका रात्रीत आले की जागा मात्र बाराच. म्हणून कोणाला तरी उठवावे लागते. जुलै २०१९ मध्ये विजय सरदेसाई, विनोद पालयेकर, जयेश साळगावकर आणि रोहन खंवटे हे चौघे उठले. चंद्रकांत कवळेकर, जेनिफर मोन्सेरात, फिलीप नेरी रॉड्रिग्ज आणि मायकल लोबो हे चौघे बसले. आलेल्या दहांपैकी तिघे मंत्री झाले, सातजण पुढच्या फेरबदलाच्या बातमीची वाट पाहत राहिले.

आणि जे उठले ते तरी कसे बसले होते? मार्च २०१७ मध्ये भाजपचे तेरा आमदार आणि काँग्रेसचे सतरा. मनोहर पर्रीकरांनी १४ मार्चला नऊ मंत्र्यांसह शपथ घेतली, त्या नऊ जणांत भाजपचे होते दोन. गोवा फॉरवर्डचे तीन आमदार, तिघेही मंत्री. मगोच्या तिघांतले दोन, अपक्षांतले दोन. त्यावेळी खात्यांचा विचार झालाच नसेल असे मी म्हणत नाही. पण ज्या पक्षाचे शंभर टक्के आमदार मंत्री झाले, तिथे निवड कसली? ती निवड नव्हती, सरकार उभे राहण्याची किंमत होती. पुढे अठ्ठावीस महिन्यांनी तिघांची गरज संपली आणि तिघे बाहेर गेले. गरज होती तोवर कर्तबगारी विचारली नाही, गरज संपल्यावरही विचारली नाही.

यातली एक घटना मला अजून बोचते. सप्टेंबर २०१८ मध्ये फ्रान्सिस डिसोझा आणि पांडुरंग मडकईकर हे दोघे मंत्री आजारी होते, डिसोझा तर उपचारासाठी अमेरिकेत. दोघांना वगळून २४ सप्टेंबरला नीलेश काब्राल व मिलिंद नाईक यांना शपथ दिली गेली. मुख्यमंत्री स्वतः गंभीर आजारी होते. कारभार चालायला हवा, हे म्हणणे समजते. पण त्या दिवशीही आमच्या पारावरच्या गप्पा कशा होत्या? आता कोण, पुढे कोण, आणि सगळ्यात वरच्या खुर्चीवर कोण. मडगावहून आलेल्या एका गृहस्थांनी चहाच्या कपात बिस्कीट बुडवावे इतक्या सहजपणे तीन आजारी माणसांची जागा भरून दाखवली होती.

गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि उजवी पाकळी पडते की डावी ते बघत बसायचे. मंत्री निवडण्याची आमची रीत मला तशी वाटते. घटनेच्या १६४ व्या कलमाप्रमाणे मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने राज्यपाल मंत्री नेमतात. प्रत्यक्षात गाऱ्हाणे दिल्लीला घालतात. मुख्यमंत्री ‘केंद्रीय प्रकल्पांच्या चर्चेसाठी’ दिल्लीला गेले की इथे सगळे पाकळीकडे डोळे लावून बसतात. केंद्रात काँग्रेस होती तेव्हाही हेच होते. देव बदलला, देऊळ तेच. मात्र एक फरक आहे. कौल लावणारा माणूस प्रश्न नेमका विचारतो. घर या जागेत बांधू की त्या? मुलीचे लग्न यंदा करू की पुढच्या साली? नुसते ‘कोण?’ असे कोणी देवाला विचारत नाही.

आता कोणी म्हणेल, मास्तर, जात, तालुका, धर्म यांचा हिशेब तुम्ही उगाच हिणवता. तसे नाही. तो हिशेब हिणवण्यासारखा नाही. २०२२ च्या निवडणुकीपर्यंत गोव्याच्या विधानसभेत अनुसूचित जमातींसाठी एकही राखीव मतदारसंघ नव्हता. तो मिळावा यासाठीचा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. ज्या समाजाला सभागृहात हक्काची जागा नाही, त्याने मंत्रिमंडळात एक तरी खुर्ची मागितली तर त्यात वावगे काय? ऑक्टोबर २०२५ मध्ये रवी नाईक गेले. दोनदा मुख्यमंत्री, त्यातली एक वेळ १९९४ मधली अवघ्या सहा दिवसांची, आणि अखेरच्या दिवसापर्यंत कृषिमंत्री. ‘पात्रांव’ गेल्यावर भंडारी समाजाच्या प्रतिनिधित्वाची चर्चा व्हावी हेही स्वाभाविकच. पण त्या चर्चेत शेती किती आली? खाजन शेतीचे बांध फुटतात, खारे पाणी शेतात शिरते, पडीक जमिनी वाढतात. नवा कृषिमंत्री कोण याबरोबर त्याला बांधांविषयी काय वाटते, हे विचारायला कोणत्याच समाजाची हरकत नसावी. प्रतिनिधित्व आणि काम यांत भांडण नाही. आपण पहिले विचारून थांबतो.

आणि प्रतिनिधित्वाचाच हिशेब म्हणाल तर तोही अर्धाच मांडला जातो. २०२२ मध्ये तीन स्त्रिया निवडून आल्या : जेनिफर मोन्सेरात, डॉ. देविया राणे आणि दिलायला लोबो. तिघींचे पती त्याच सभागृहात आमदार. त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये जे मंत्रिमंडळ तयार झाले त्यात एकही स्त्री नव्हती. तिघींतल्या दोघींचे पती होते. पुढच्या साडेतीन वर्षांत जेवढ्या अटकळी मी वाचल्या, त्यांत या बातमीला कोणी बातमी मानलेले आठवत नाही. शशिकलाताई काकोडकर १९७३ ते १९७९ ज्या राज्याच्या मुख्यमंत्री होत्या ते हेच राज्य.

बारा खुर्च्या भरल्या की उरलेल्यांसाठी महामंडळे आहेत. पर्यटन, कदंब, औद्योगिक विकास, गृहनिर्माण. पूर्वी संसदीय सचिव हीही एक सोय होती. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या नेमणुका रद्द ठरवल्या. तो विषय मोठा आहे, इथे सोडून देतो.

आता आपल्या अंगणात येऊ. कला अकादमी. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली, मांडवीच्या काठावरची, दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात मारिओ मिरांडांची चित्रे असलेली आमची वास्तू. २०२१ पासून दुरुस्तीसाठी बंद. निविदा न काढता काम दिले म्हणून टीका झाली, तेव्हा मंत्री गावडे यांनी सभागृहात ताजमहालाचा दाखला देऊन समर्थन केले. जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचे छत कोसळले. नोव्हेंबर २०२३ मध्ये अकादमी पुन्हा उघडली. खर्च पन्नास कोटींच्या वर गेला होता. त्यानंतर गळती, ध्वनी, प्रकाशयोजना यांच्या तक्रारींनी कलाकार रस्त्यावर आले, ‘कला राखण मांड’ उभी राहिली, सरकारला नाट्यदिग्दर्शक विजय केंकरे यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमावे लागले. या प्रकरणात दोन खाती गुंतलेली : वापर आणि कारभार कला आणि संस्कृती खात्याचा, बांधकाम सार्वजनिक बांधकाम खात्याचे. तक्रार घेऊन एकाकडे गेलात की दुसऱ्याकडे बोट.

आणि २१ ऑगस्ट २०२५ ला शपथ घेतलेल्या दोघांना पुढे खाती मिळाली ती कोणती? कामत यांना सार्वजनिक बांधकाम. तवडकर यांना कला आणि संस्कृती, बरोबर क्रीडा आणि आदिवासी कल्याण. म्हणजे कला अकादमीचे दोन्ही कासरे एकाच दिवशी शपथ घेतलेल्या दोन नव्या मंत्र्यांच्या हातात आले. एवढी सरळ संधी पुन्हा येणे कठीण. शपथविधीपूर्वीच्या त्या चौसष्ट दिवसांत एकाही यादीत, एकाही ‘विश्लेषणात’ मला हे वाचायला मिळाले नाही की ही दोन खाती रिकामी आहेत, एकमेकांना जोडलेली आहेत आणि ती कोणाला मिळतात यावर कला अकादमीचे भवितव्य ठरेल. आपल्यातल्या कोणी तसे निवेदन मुख्यमंत्र्यांना दिल्याचेही ऐकिवात नाही.

तवडकरांच्या बाबतीत तर आणखी एक धागा होता. जानेवारी २०२४ मध्ये सभापती असताना त्यांनीच आरोप केला होता की, काणकोण मतदारसंघात न झालेल्या कार्यक्रमांसाठी कला आणि संस्कृती खात्याने संस्थांना अनुदाने दिली. गावडे यांनी आरोप फेटाळला. खरे काय हे ठरवणारा मी नव्हे. पण ज्यांनी खात्याच्या अनुदानपद्धतीवर बोट ठेवले, त्यांच्याच हातात दीड वर्षाने ते खाते आले. त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत पहिला प्रश्न हाच असायला हवा होता : अनुदाने देण्याची पद्धत तुम्ही कशी बदलणार? पैंगीणच्या आमोणे गावात वर्षानुवर्षे लोकोत्सव भरवणारा माणूस आहे. संस्था चालवताना कागद कुठे अडतो हे त्यांना ठाऊक असणार. विचारले असते तर काही ठोस उत्तरही मिळाले असते.

आपण काय केले? पुष्पगुच्छ नेले. शाल, श्रीफळ, समई. नाट्यमंडळे, भजनी मंडळे, ग्रंथालये, साहित्य संस्था, सगळ्यांची रीघ. नव्या मंत्र्याचे अभिनंदन करावे, त्यात गैर नाही. घरी आलेल्या जावयालाही आपण शेवंतीचा गजरा देतो. पण गुच्छाबरोबर एक पानाचे टिपण नेणारे किती? मला एक मंडळ माहीत आहे, त्यांनी अभिनंदनाचा फलक छापायला दिला आणि मंत्र्याचे खाते अजून जाहीर झाले नव्हते म्हणून त्या जागी मोकळी ओळ सोडायला सांगितली. अभिनंदन नक्की, कशाबद्दल ते मागाहून भरू.

अटकळींचा हा काळ फुकट जातो असेही नाही, त्याची किंमत आपणच मोजतो. एका सरकारी कचेरीत (कोणत्या ते सांगत नाही) एका छोट्या संस्थेचा कागद घेऊन मी गेलो होतो. समोरच्या भल्या माणसाने कागद नीट वाचला, सगळे बरोबर आहे म्हणाला आणि पुढे म्हणाला, ‘‘सर, मंत्री बदलणार असे ऐकतो. जरा थांबलात तर बरे. नव्या साहेबांची पसंती कशी असेल सांगता येत नाही.’’ तेव्हा फेरबदलाची नुसती बातमी होती. मंत्री बदललेच नाहीत. कागद चार महिने तिथेच राहिला. फेरबदल न होताही त्याच्या वावड्यांनी कारभार थांबतो तो असा. आमदाराच्या बाबतीत हे नुसते गुडघ्याचे बाशिंग असेल. गावच्या ग्रंथालयाच्या बाबतीत ती त्या वर्षाची पुस्तक खरेदी असते.

एक साधी गोष्ट करता येण्यासारखी आहे. गोवा विधानसभेत आमदारांनी विचारलेले प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरे विधानसभेच्या संकेतस्थळावर असतात. कोणीही उघडून पाहू शकतो. ज्या आमदाराचे नाव यादीत येते, त्याने मागच्या अधिवेशनांत कला खात्यावर काय विचारले, ग्रंथालयांवर काय विचारले, मराठी आणि कोकणी शाळांच्या शिक्षकांवर काय विचारले, हे तासाभरात कळते. राजभाषेवर बोलणारेही यात येतील. २०२५ पासून मराठी राजभाषा निर्धार समितीने तो विषय पुन्हा ऐरणीवर आणला, सभा झाल्या, भाषणे झाली. पण राजभाषा खाते कोणाकडे आहे असे सभेतल्या दहा जणांना विचारा, नऊ जण अडखळतील.

वर्तमानपत्रांनी यादीतल्या नावापुढे तालुका आणि समाज छापतात तसे एवढे दोनच रकाने वाढवावेत : कोणते खाते आणि त्या खात्यावर याने आजवर सभागृहात काय विचारले. काही नावांपुढचा रकाना भरून वाहील. काहींपुढे नुसती आडवी रेघ येईल. २०२२ च्या विधानसभेची मुदत मार्च २०२७ पर्यंतची. त्यानंतरही आमदार चाळीस आणि खुर्च्या बाराच असणार आहेत. शपथविधीच्या आधीच्या याद्याही येतील, नेहमीच्या सूत्रांकडून. मी एक दोनशे पानी वही आणून ठेवली आहे आणि तिच्यात रेघा मारून चाळीस नावे आणि चाळीस मतदारसंघ लिहायला सुरुवात केली आहे. मांद्रेपासून काणकोणापर्यंत. समाजाचा रकाना मी ठेवलेला नाही, तो न्हाव्याला तोंडपाठ आहे.